मांडणीचे सोळा दिवस

"आठवलं काय?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"बरं. आठवंल."

त्या संध्याकाळी हे बोलणं चौथ्यांदा झालं होतं, आणि तो नववा दिवस होता. समोरच्या स्क्रीनवर नुसते आकडे होते. एका ओळीत सोळा, अशा पंचवीस ओळी. बटण दाबलं की पुढच्या पंचवीस. त्या आकड्यांत आमची चार वर्षं अडकून पडली होती, आणि ती सोडवायची कशी हे जगात फक्त मला माहीत होतं. मी ते विसरलो होतो. निदान अण्णांची तशी समजूत होती.

शेजारच्या शेडमध्ये बारा माग एका सुरात खडखडत होते. इचलकरंजीत जन्म काढलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येत नाही असं म्हणतात. मला त्या नऊ दिवसांत प्रत्येक माग वेगळा ऐकू यायला लागला होता.

दोन हजार तीन सालचा जुलै. भूपाल मगदूम यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. माझ्याहून सात वर्षांनी मोठे. आय.टी.आय. केलेले, घराच्या पुढच्या खोलीत यू.पी.एस. आणि मॉनिटर दुरुस्तीचं दुकान. मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो. वर्गातला एक बंद पडलेला मॉनिटर घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि तिथंच माझी संध्याकाळ कायमची अडकली.

कारण अण्णा ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होते. कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि बाकीच्या प्रोग्रामांना कामाला लावतो, तो मुख्य प्रोग्राम. तो तयार मिळतो. सगळं जग तयार घेतं. अण्णांना तो पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायचा होता. "का?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "यंत्र उघडून आत बगितल्याबिगर मला झोप लागत न्हाई. ह्ये एकच ऱ्हायलंय उघडायचं."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं. तिथंच फसलो.

त्या सिस्टीमचं नाव मांडणी. स्वयंपाकघरात भांड्यांची असते तीच. ज्याची त्याची जागा ठरलेली. कॉम्प्युटर सुरू करायचा आणि त्याची मेमरी वाटून द्यायची हा भाग अण्णांचा. डिस्कवर फाइल लिहायची आणि वाचायची हा भाग माझा. रोज साडेपाच ते आठ, रविवारी दिवसभर. चार वर्षांत मांडणीला काय यायला लागलं म्हणाल, तर घड्याळ दाखवायची, बेरीज करायची, चिठ्ठी लिहून ठेवायची आणि मागितली की परत द्यायची. माउस नाही, चित्रं नाहीत. माझे सासरे एकदा मुद्दाम बघायला आले, पंधरा मिनिटं शांत उभे राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण हे सगळं आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आधीपासूनच येतं."

जगात आमच्यासारखे आणखी होते. कुणी एकट्यानं दहा वर्षं लिहीत बसलेला, कुणी सगळा कारभार एका फ्लॉपीत मावला पाहिजे म्हणून हटून बसलेला. अशा लोकांची इंटरनेटवर एक लांबलचक यादी होती आणि त्यात शंभराच्या आसपास कुठंतरी मांडणीचं नाव होतं, पुढं दीड ओळ माहिती. अण्णांनी त्या पानाची प्रिंट काढून, लॅमिनेट करून, काउंटरच्या मागे महावीरांच्या फोटोशेजारी लावली होती. गिऱ्हाइकं विचारायची, "अण्णा, ही कसली मतदारयादी?"

आता खरं सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मला या सगळ्याचा कंटाळा आला होता.

अण्णांबरोबर काम करणं म्हणजे शिक्षा होती. प्रत्येक ओळ ते मोठ्यानं तीनदा वाचायचे. काही म्हणून काढून टाकायचे नाहीत. रोज संध्याकाळी त्या दिवसाची सगळी नक्कल वेगळी ठेवायची, कालचीही ठेवायची, परवाचीही. मी लिहिलेलं काही पटलं नाही तर पटलं नाही म्हणायचे नाहीत. "असू दे, चालतंय की," म्हणायचे आणि त्या ओळीकडे पाच मिनिटं बघत बसायचे. भांडले असते तर बरं झालं असतं. माझं लग्न झालं होतं, घरी बायको वाट बघत होती, एम.ई.चा अर्ज दोनदा भरून दोनदा तसाच राहिला होता. "अण्णा, मला आता जमणार नाही," एवढं पाच शब्दांचं वाक्य. ते मी दोन वर्षं तोंडात घोळवत रोज दुकानाची पायरी चढत होतो, आणि त्यांनी "ये सुकुमार, बस" म्हटलं की गिळत होतो. भीड हा माझ्या स्वभावाला लागलेला रोग आहे. माझ्या वडिलांनाही होता.

त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला अण्णांनी ठरवलं की आता घर बदलायचं. तोवर आम्ही मांडणी लिहायचो ती बाजारातल्या सिस्टीमवर बसून, आणि मग दुसऱ्या मशीनवर नेऊन चालवून बघायचो. अण्णा म्हणाले, "भाड्याच्या खोलीत बसून किती दिवस सोताच्या घराचं कौतिक करायचं? आता मांडणीतच ऱ्हायचं. मांडणीतच मांडणी लिवायची." जगभरच्या या छांदिष्टांत ही मोठी गोष्ट समजतात. यादीत अशा नावांपुढं एक चांदणी असते. आम्ही सगळं सामान मांडणीच्या डिस्कवर हलवलं. आणि उद्या काही झालं तर नक्कल हवी म्हणून रोज फ्लॉपीवरही उतरवायला लागलो. पण कशी? तर अभिमानानं, मांडणीच्याच पद्धतीनं. जागा वाचावी म्हणून मी फाइल पिळून लहान करायची माझी स्वतःची युक्ती केली होती, तीच वापरून.

म्हणजे ज्या फ्लॉप्या फक्त मांडणीला वाचता येतात, अशा फ्लॉप्यांवर आम्ही मांडणीची नक्कल ठेवत होतो. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घ्यावं, तसं. दोन शिकलेली माणसं तीन महिने हे करत होती आणि दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारी मी दिवसाची नक्कल डिस्कवर ठेवायला सांगितली. दिवा लुकलुकला, थांबला. मशीन गप्प. बंद करून सुरू केलं तर स्क्रीनवर एक रेघ आणि पुढं काही नाही.

अण्णांनी तासाभरात कारण शोधून काढलं. माझ्या भागात डिस्कवरच्या खणांना नंबर दिले होते, आणि ते नंबर एका ठरावीक आकड्यापर्यंतच जात होते. स्कूटरच्या मीटरमध्ये नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर परत सगळी शून्यं येतात, तसं. बत्तीस एमबी भरले की पुढचा खण परत पहिला. आणि पहिल्या खणापासून मांडणी स्वतः बसलेली होती. रोजच्या नकला साठून साठून त्या रविवारी बत्तीस एमबी भरले आणि माझ्या भागानं इमानेइतबारे मांडणीच्या उरावर त्या दिवसाची नक्कल लिहून टाकली. तिची ओळख पुसली, फाइलींची यादीही पुसली.

"मीटर फिरला तुजा," अण्णा म्हणाले.

"माझी चूक आहे, अण्णा."

"असू दे. व्हतंय."

ओरडले असते तर मी त्याच दिवशी सुटलो असतो.

"फ्लॉप्या हायत की," ते म्हणाले. "जुन्या सिस्टीमवर एक बारका प्रोग्राम लिवू. फ्लॉपी वाचंल आनि तुजं पिळलेलं सोडवंल. तू कसं पिळलंयस तेवडं सांग."

पिळण्याची एक सारणी होती, दोनशे छप्पन्न आकड्यांची, मीच हातानं तयार केलेली. कुठल्या अक्षराला कुठली खूण. ती मांडणीतच होती, म्हणजे गेली होती. ती मला आठवली की सगळं परत मिळणार होतं, आणि नाही आठवली तर मांडणी संपली होती. चार वर्षं, तेवीस हजार ओळी, त्यांतल्या अकरा हजार माझ्या.

पहिले तीन दिवस मी मनापासून आठवलं. हे मी आजही छातीला हात लावून सांगेन. वह्या चाळल्या, फ्लॉपीवरचे आकडे कागदावर उतरवून ताडून बघितले, पंधरा-वीस खुणा सापडल्याही.

चौथ्या दिवशी पॉलिटेक्निकमध्ये कपाटात खडूचा डबा शोधताना एक सी.डी. हाताला लागली. वर माझंच अक्षर. 'मांडणी, पाडवा, आदला दिवस.' मार्चअखेर आमच्याकडे नवा सी.डी. रायटर आला होता आणि तो चालतो का बघायला म्हणून मी, घर हलवायच्या आदल्या दिवशी, हाताशी होतं ते सगळं तिच्यावर उतरवलं होतं. नंतर साफ विसरलो. कॉम्प्युटरमध्ये घालून बघितली. सगळं होतं. अण्णांचा भाग, माझा भाग, पिळण्याची सारणी. साध्या फाइलींत, कुणालाही वाचता येतील अशा.

मी सी.डी. बॅगेत घातली आणि साडेपाचला दुकानात गेलो.

"आठवलं काय?" अण्णांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून कसं गेलं, मला कळलं नाही. पण गेलं. आणि गेल्यावर इतकं हलकं वाटलं की मी घाबरलो. दोन वर्षं जे वाक्य बोलता येत नव्हतं ते आता बोलायची गरजच नव्हती. मला आठवलं नाही, मांडणी गेली, संपलं. कुणी कुणाला दुखवलं नाही. आणखी आठ-दहा दिवस शोध घेण्याचं नाटक करायचं, मग अण्णाच म्हणतील की जाऊ दे, आणि मी वाईट चेहरा करून घरी जाईन.

त्रिशलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, डबा काढताना बॅगेतली सी.डी. बघितली. तिच्यापासून काही लपवणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून सगळं सांगितलं.

"मग द्या की त्यांना," ती म्हणाली.

"दिली तर परत सगळं सुरू होईल."

"मग सांगा, मला आता जमत नाही म्हणून."

"कसं सांगू?"

"तोंडानं," ती म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली.

बोलायला सोपं आहे. माझ्या जागी बसून बघावं. रोज साडेपाचला ते "बस" म्हणणार, मी बसणार, आकड्यांच्या ओळी सरकणार. मी एखाद्या आकड्यापाशी थांबून कपाळाला आठ्या घालणार, ते आशेनं बघणार, मी मान हलवणार. आपल्या खिशात असलेली गोष्ट शोधण्याचा अभिनय रोज अडीच तास करून बघा. पहिल्या दोन दिवसांत माझं डोकं दुखायला लागलं. नाटकाच्या पाचव्या दिवसापासून मला अण्णांचाच राग यायला लागला. हा माणूस सोडत का नाही? चौदा फ्लॉप्या आणि एक विसरभोळा मित्र, एवढ्यावर कुणी इतकी आशा ठेवतं का?

चातुर्मास सुरू झाला होता. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवायचे, त्यामुळे साडेसहाला आत जायचे आणि वीसेक मिनिटं मी दुकानात एकटा असायचो. बाराव्या दिवशी ते जेवत असताना त्यांच्या मंडळी, पद्माक्का, बाहेर आल्या. हातात माझ्यासाठी वाटीभर चुरमुरे.

"सुकुमारभावजी, एक इचारू?"

"विचारा की, अक्का."

"ह्येनला सांगा की जरा, सोडा म्हणावं. पाटंचं पाचला उठत्यात आनि त्या आतल्या मशीनफुडं बसत्यात. आंगोळीला दहा हाका माराव्या लागत्यात. माजं ऐकत न्हाईत. तुमी सांगिटलं तर ऐकतील."

आतलं मशीन म्हणजे बिलं करायचा कॉम्प्युटर, मधल्या खोलीत असायचा. मी चुरमुऱ्यांकडे बघत राहिलो. पहाटे पाचला उठून हा माणूस माझ्या पिळलेल्या फाइली सोडवत बसतोय आणि त्यांची किल्ली माझ्या मांडीवरच्या बॅगेत आहे. मी वाटी खाली ठेवली.

"सांगतो," मी म्हणालो. अर्थातच सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी अण्णांनी स्क्रीनकडे बघतच म्हटलं, "चूक माजीच हाय बग. तुजा भाग मी नीट तपासाया पायजे हुता. तू पोरगा शिकलासवरलेला म्हणून मी बोललो न्हाई."

हे मात्र सहन होईना. चूक माझी, सी.डी. माझ्याकडे, आणि दोष हा माणूस स्वतःच्या डोक्यावर घेतोय. त्या दिवशी घरी जाऊन मी त्रिशलावर विनाकारण चिडलो. ती म्हणाली, "माझ्यावर कशाला? उद्या तिकडं जाऊन चिडा." 

सोळाव्या दिवशी मी पायरी चढलो, "ये सुकुमार, बस" म्हणायच्या आत बॅग उघडली आणि सी.डी. काउंटरवर ठेवली.

"यात सगळं आहे," मी म्हणालो. "पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतचं. पिळायची सारणीसुद्धा."

अण्णांच्या हातात सोल्डरिंगची गन होती. ती त्यांनी स्टँडला लावली, हात फडक्याला पुसले आणि सी.डी. उचलून वरचं अक्षर वाचलं.

"कवा गावली?"

"चौथ्या दिवशी."

"आज सोळावा."

"हो."

"मग का दिली न्हाईस?"

माग खडखडत होते. मी म्हणालो, "कंटाळा आला होता, अण्णा. आजचा नाही. दोन वर्षं झाली. मला सुटायचं होतं आणि सांगता येत नव्हतं."

मी बोलणी खायची तयारी केली होती. मला ती हवी होती. अण्णा उठले, मधल्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाले, "हिकडं ये."

चार वर्षांत मी त्या कॉम्प्युटरपुढं कधी बसलो नव्हतो. त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर आधी रेघ आली, मग घड्याळ, मग ओळखीची अक्षरं. मांडणी तयार आहे.

माझा विश्वास बसेना. "ही कुठून आली?"

"माजा भाग मी रोज केबलनं हितं आणून ठेवत हुतो. पयल्यापास्नं."

"आणि डिस्कचा? डिस्कच्या भागाशिवाय ही चालूच होणार नाही."

अण्णांनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा दिसला. "त्यो मी नवा लिवलाय," ते म्हणाले.

"सोळा दिवसांत?"

"न्हाई. दिवाळीपास्नं. पाटंचं उठून."

मी खुर्चीत बसलो. दिवाळी म्हणजे आठ महिने. आठ महिने हा माणूस संध्याकाळी माझ्या शेजारी बसून माझा भाग "असू दे, चालतंय की" म्हणत होता आणि पहाटे उठून तोच भाग माझ्याशिवाय लिहीत होता.

"मग हे सोळा दिवस काय चाललं होतं? रोज 'आठवलं काय, आठवलं काय'?"

"तू म्हणशील न्हाई आठवत, सोडतो आता. म्हणून वाट बगत हुतो," अण्णा म्हणाले. "तूबी सोडंनास. मला वाटलं, ह्या पोराचा केवडा जीव हाय ह्येच्यात. ह्येला कसं सांगायचं?"

"मी येत होतो ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आनि मी तुला बसवून घेत हुतो त्ये तुला वाईट वाटू नये म्हणून."

दोघांचाही आवाज आता चढला होता. चार वर्षांत पहिल्यांदा. मग जे तुंबलं होतं ते सगळं बाहेर पडलं. मी म्हणालो, तुम्ही एक ओळ तीनदा वाचता, माणसाचा जीव जातो. ते म्हणाले, तू एकदाबी वाचत न्हाईस, म्हणून मला वाचाय लागती. मी म्हणालो, रोजच्या नकला साठवायचा हट्ट तुमचा, त्यानंच डिस्क भरली. ते म्हणाले, डिस्क भरायसाठीच असती. मी म्हणालो, न पटलेलं तोंडावर सांगायला काय झालं होतं? ते म्हणाले, तुज्या तोंडाला काय झालं हुतं?

पद्माक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "झालं काय बोलून?" त्या म्हणाल्या. "येवडं चार वरसांपूर्वी बोलला असता तर त्ये आंगोळीचं पानी तरी गार झालं नसतं." आणि आत गेल्या.

मला जे विचारायचं होतं ते मी शेवटी विचारलं.

"माझा भाग इतका वाईट होता?"

"वाईट न्हवता," अण्णा म्हणाले. "घाईचा हुता. वाचताना कळतंय, ह्या माणसाला घरला जायचंय."

वर्षानुवर्षं मी विद्यार्थ्यांच्या वह्यांवर शेरे मारत आलोय. माझ्यावर इतका खरा शेरा कुणी मारलेला नाही.

"त्यो बत्तीसचा आकडा," अण्णा म्हणाले, "तुला ठाव हुता?"

"हो. मी बाजूला लिहून ठेवलं होतं, नंतर बघू म्हणून."

"वाचलं हुतं मी त्ये. दोन वरसं वाट बगितली, तू कवा बगतोस म्हणून."

त्यांनी फाइलींची यादी स्क्रीनवर आणली. त्यात एक कप्पा माझ्या नावाचा होता. सुकुमार. आत माझ्या ओळी, गेल्या दिवाळीपर्यंतच्या.

"मी काय काढून टाकत न्हाई, तुला ठाव हाय," ते म्हणाले. "पर दोन-दोन भाग ठिवलं की गोंधळ व्हतोय. दोनदा चुकून जुनाच चालू झाला. तू हाईस तवर काढवंना. आता काढू?"

"काढा."

अण्णांनी हात पुढं केला, मागं घेतला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तूच काढ."

मला वाटलं होतं यात काय आहे. दोन वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो. पण बोट त्या बटणावर ठेवलं आणि मला त्या ओळी दिसायला लागल्या. पहिली फाइल परत वाचली गेली तो दसरा. पावसात भिजत येऊन सोडवलेली एक गाठ. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागायच्या आधी, सकाळी येऊन बदललेल्या दोन ओळी. घाईत लिहिल्या असतील, पण लिहिल्या होत्या मीच. अण्णा घाई कर म्हणाले नाहीत. शेजारी उभे राहिले.

मी बटण दाबलं. यादी एका ओळीनं आखूड झाली.

"लवकर गेलं," मी म्हणालो.

"पुसतोय त्यो माजा नवा भाग हाय," अण्णा म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मला हसताना रडायला येत होतं, म्हणून मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेलो. सी.डी. तिथंच काउंटरवर राहिली.

घरी त्रिशलानं विचारलं, "झालं?"

"झालं."

"मग असं तोंड का? सुटलात की."

सुटलो होतो. मला दोन वर्षं वाटत होतं की मी एका माणसावर उपकार करतोय. तो माणूसच माझ्यावर उपकार करत होता, आणि मी तेही नीट करून घेतलं नव्हतं. मला जायचं होतं हे खरं, पण आपण जाऊ नये असं कुणाला तरी वाटावं, एवढीच अपेक्षा धरून मी रोज ती पायरी चढत होतो. हे मला त्या रात्री ताटावर बसल्यावर कळलं आणि मी अर्ध्या जेवणातून उठलो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पॉलिटेक्निक सुटलं. एम.ई.चा अर्ज टेबलावर होता, घरी जायला रस्ता मोकळा होता. साडेपाचला मी अण्णांच्या दुकानात होतो. सहज आलो म्हणालो.

"ये सुकुमार, बस," अण्णा म्हणाले. आतलं मशीन त्यांनी बाहेरच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. मांडणी सुरू होती आणि ते काहीतरी लिहीत होते, ओठ हलत होते, एकच ओळ परत परत. मी सवयीनं खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, कसंनुसं हसले, आणि मॉनिटर थोडा पलीकडं वळवला. रागानं नाही. आपलं लिहिताना कुणी बघितलं की माणसाला अवघडल्यासारखं होतं, तसं.

"पद्मा," त्यांनी आत हाक मारली, "पाव्हणं आल्यात. च्या टाक."